केसरची चोळी

श्रीवर्धन,
श्रावण शुद्ध अष्टमी, शके १८५२

कोकिळाताई,

शकूचा नमस्कार. मावशीला सांग, मी मजेत आहे. तुला मात्र खरं सांगते.

आगबोट बंद झाल्यापासून टपाल माणगावावरून चिखल तुडवत येतं, म्हणून हे पत्र कधी पोचेल देव जाणे. मिळाल्याबरोबर उत्तर टाक. मला दीड महिन्यात बारीक व्हायचंय. हसू नकोस! तू मला लहानपणापासून "आमची गोणी" म्हणत आलीस, तेव्हा मीही हसायचे. आता हसू येत नाही.

लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी सोन्याची पुतळी बांधली, ती तू पाहिलीस. ती गेलेल्या सवतीची, म्हणजे केसरची. दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीला असं गळ्यात वागवायचं, जेवताना पहिला घास तिला दाखवायचा. हे पुष्कळ घरी करतात, त्याचं मला काही नाही. पण या घरची आणखी एक रीत आहे, ती आपल्याला कुणी सांगितली नव्हती. भाद्रपदात अविधवा नवमी येते, सवाष्ण गेलेल्या बायकांचा दिवस. त्या दिवशी दुसरीने पहिलीची चोळी घालून, तिच्या पाटावर बसून जेवायचं. चोळी अंगाला आली तर पहिलीने जागा दिली. फाटली किंवा गाठ बसली नाही, तर नाही दिली. आजेसासऱ्यांच्या दुसरीची चोळी पाठीत उसवली होती म्हणे. ती पुढची नवमी बघायला उरली नाही.

परवा सासूबाईंनी ती चोळी पेटीतून काढून मला घालून पाहायला दिली. डाळिंबी खण आहे, काठाला जर. बाही कोपराच्या वर सरकेना. कशीबशी चढवली तर पुढच्या गाठीच्या टोकांत चार बोटांचं अंतर, आणि कुशीत काहीतरी जाड टोचत होतं. मी म्हटलं, थोडी सैल करून घेऊ का? त्यांचा चेहरा असा झाला की बस. "गेलेल्या माणसाच्या वस्त्राला सुई लावायची नाही," म्हणाल्या, आणि चोळी काढून पेटीत ठेवली. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, "केसर आमची नाजूक होती हो. फुंकर मारली तर उडेल अशी."

हे घरात असतात तेव्हा माझ्याकडे पाहत नाहीत, माझ्या गळ्यातल्या पुतळीकडे पाहतात. ताई, मला आईबाप नाहीत, आणि मावशीच्या दोन खोल्यांत परत यायला आता तोंड नाही. मला याच घरात राहायचंय. आणि जिवंत राहायचंय.

तुझी,
शकू


गिरगाव, मुंबई
ता. ९ ऑगस्ट १९३०

लाडके गोणी,

तुझं पत्र वाचून आधी मी खूप हसले आणि मग मला तुझ्या सासूबाईंचा खूप राग आला. चोळीने माणूस मरतं होय? मी शाळेत पोरींना आरोग्याचे धडे शिकवते, मला विचार. पण तुझा जीव टांगणीला लागलाय तर वाद घालण्यात अर्थ नाही. चोळी बसवायचीय ना? बसवू.

आमच्या शाळेत एक मॅडम विलायती मासिक घेतात. त्यात नट्यांचा अठरा दिवसांचा आहार आलाय. अठरा दिवस तेवढंच खायचं, वर काही नाही, की बाई अर्धी होते. मी तुझ्यासाठी उतरवून काढलाय. सकाळी बिनसाखरेची काळी कॉफी आणि अर्धं पपनस. दुपारी एक उकडलेलं अंडं, सहा चकत्या काकडीच्या, अर्धं पपनस. रात्री उकडलेली पालेभाजी, बिनमिठाची, आणि पुन्हा पपनस. भात, भाकरी, तेल, तूप, गूळ, साखर, सगळं बंद. श्रावणात तुला अंडं कोण देणार! त्याऐवजी वाटीभर ताक पी, लोणी काढलेलं. पपनसं तर तुमच्या वाडीत हवी तेवढी असतील.

घरात काय सांगायचं म्हणशील, तर व्रत सांग. श्रावणात उपाशी बाईला कोण विचारतंय?

मीही कालपासून सुरू केलाय. कमरेला चाळीच्या जिन्याएवढा घेर आलाय, शाळेच्या संमेलनात हिरवं पातळ नेसायचंय. दोघी मिळून करू. सोबत शिंप्याची फीत आणि कॉफीची पुडी पाठवतेय. दर आठवड्याला मापं कळव.

तुझी ताई,
कोकिळा


श्रीवर्धन,
श्रावण वद्य एकादशी

ताई,

तुझी फीत पोचली. आज सहावा दिवस. कंबर दीड इंच उतरली!

व्रताची युक्ती नामी निघाली. सासूबाईंना सांगितलं, नवमीपर्यंत अन्नाचं व्रत धरलंय, केसरताईंसाठी. शेजारच्या बायका मला बघायला येतात आणि "पोर गुणाची हो" म्हणून हळद लावून जातात. ही तुझी विलायती नटी इथे देवी झालीय.

फक्त एक गोष्ट झाली. पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, घेणार तरी काय? मी म्हटलं, दुपारी वाटीभर ताक. त्यांच्या हातात दुधाचं पातेलं होतं, ते पडलं. सगळं दूध मोरीत. एवढी कडक बाई, पण दूध वाया गेल्याबद्दल चकार शब्द नाही. तेव्हापासून माझं ताक त्या स्वतः घुसळत नाहीत, ठमाबाईला सांगतात. ठमाबाई म्हणजे आमच्या वाडीत पंधरा वर्षं राबणारी बाई. तीही वाटी माझ्यासमोर ठेवते आणि मान फिरवते.

भूक लागते गं. पहिले तीन दिवस तर भाताच्या वाफेने डोळ्यांत पाणी यायचं. आता तशी लागत नाही. आता कान वाजतात. पावसाळ्यात वाडीतला रहाट बंद असतो, कोरडा उभा आहे, तरी दुपारी मला तो फिरताना ऐकू येतो.

आणि आज दुपारी, ऐन बाराला, मी पुतळीला ताकाची वाटी दाखवली आणि मान वर केली, तर मागल्या दारात कुणीतरी उभं होतं. ठमाबाई असेल म्हणून मी हाक मारली. ती नव्हती. डाळिंबी चोळी होती, आणि एक हात होता, इतका बारीक की बांगडी कोपराशी जाऊन थांबलेली. तो हात तोंडाकडे जायचा आणि परत खाली यायचा. जेवण मागताना करतात तसं.

मी वाटी तिथेच ठेवून उठले. ताक नंतर कावळ्याला टाकलं. तिला भूक लागलीय, ताई. तिच्यासमोर बसून मी कशी पिऊ?

तुझी कशी प्रगती? तुलाही कान वाजतात का?

शकू


गिरगाव
ता. २७ ऑगस्ट

शकू,

घाईत लिहितेय, उद्या गणपती, घरात पाहुण्यांची ही झुंबड. दीड इंच म्हणजे शाबासच! माझंही छान चाललंय, पातळ नेसता येईल असं वाटतं.

दारातलं ते काही नाही. रिकाम्या पोटी पित्त चढतं, मग डोळ्यांपुढे काहीबाही दिसतं. डोक्यावर गार पाण्याची पट्टी ठेव. पण ताक कावळ्याला टाकू नकोस हं, तेवढं तरी पोटात जाऊ दे. आणि अठरा दिवस झाले की थांबायचं. मासिकात तसं बजावलंय.

कोकिळा


श्रीवर्धन,
भाद्रपद शुद्ध दशमी

ताई,

अठरा दिवस झाले. मी थांबले नाही.

सासूबाई चोळी नवमीशिवाय देणार नाहीत, म्हणून मी पहिल्याच दिवशी तिचं माप मनात धरलं होतं. अजून दोन इंच हवेत. म्हणून दुसऱ्यांदा अठरा दिवस धरलेत. गणपतीत उकडीचे मोदक झाले, गौरीला घावनं झाली. मी मखरावर टांगलेलं पपनस सोडवून आणलं आणि तेच सोललं. साल सोलताना बोटांना इतकं कापरं भरतं की हल्ली दातांनी सोलते.

ती रोज येते. बाराला, पानं मांडली की. तोंड अजून दिसत नाही, फक्त चोळी आणि तो हात. तोंडाकडे, खाली, तोंडाकडे, खाली. मी माझी वाटी उंबऱ्यावर नेऊन ठेवते. ती घेत नाही. मग मी कावळ्याला घालते, आणि हात आणखी जोरात हलतो. काय हवंय तिला? मी सगळं देऊन बसलेय, आता माझ्याकडे उरलंय काय?

तू पित्त म्हणतेस. मग हे ऐक. परवा मी ओटीवर फुलं ओवत होते, दाराकडे पाठ करून. हे बाजारातून आले. मागे पावलं थांबली. आणि यांनी हाक मारली, "केसर?" इतक्या हळू, इतक्या मायेने! लग्नाला चार महिने झाले, मला एकदाही तशी हाक आली नाही. मी वळले. यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि हे तसेच वाडीत निघून गेले. ताई, खरं सांगू? मला आनंद झाला. मग रात्रभर त्या आनंदाची भीती वाटत राहिली.

काल ठमाबाईने माझा दंड धरला आणि आजूबाजूला बघून म्हणाली, "वैनी, ह्ये ताकाचं सोडा. या घरात ताक लई झालं." मी विचारलं, म्हणजे? तर म्हणे, "माज्या तोंडून नगा वदवू. म्हातारी मला वाडीतनं काढल." केसर तीन दिवसांच्या तापाने गेली, असंच ना आपल्याला सांगितलं होतं?

माझे केस गळतायत. फणी भरून येते. कंबर सत्तावीस आहे, पण फीत वाचताना आकडे हलतात, तेव्हा नक्की सांगत नाही.

शकू


गिरगाव
ता. ८ सप्टेंबर, सकाळ

शकू,

हे पत्र मिळताच, असशील तिथे बस आणि पेज पी. मग पुढचं वाच.

मी खोटं बोलले. चौथ्या दिवशी चाळीच्या जिन्यात मला घेरी आली आणि मी सात पायऱ्या गडगडत खाली आले. कपाळाला खोक पडली. आईने मला गरम वरणभात भरवला आणि त्या मासिकाचे कागद चुलीत घातले. तेव्हापासून मी दोन वेळा पोटभर जेवतेय, आणि तुला मात्र "छान चाललंय" म्हणून लिहिलं. का, ते विचारू नकोस. तुझा दीड इंच वाचून मला लाज वाटली. धाकटीला जे जमतं ते मला जमलं नाही, एवढ्याशा मत्सरापायी मी तुला उपाशी ठेवलं गं!

मी अजून एक घोडचूक केलीय. अंड्याच्या जागी ताक मीच माझ्या मनाने घातलं. कसलं शास्त्र नव्हतं त्यात.

थांब. चोळी गेली खड्ड्यात. बोटी आठ-दहा दिवसांत सुरू होतील म्हणतात. पहिल्या बोटीने येते. नवमीच्या आधी पोचेन की नाही सांगता येत नाही. तू फक्त जेव. तुझ्या पाया पडते, जेव.

कोकिळा


श्रीवर्धन,
भाद्रपद वद्य दशमी

ताई,

तुझं पत्र आज दुपारी आलं. काल नवमी झाली. मी आहे. आधी तेवढं वाच आणि श्वास घे, मग बाकीचं सांगते.

काल सकाळी सासूबाईंनी पेटी उघडून चोळी माझ्या हातावर ठेवली. मी मागल्या पडवीत जाऊन घातली. ताई, ती बसली! बाही सर्रकन वर गेली, गाठीची टोकं भेटली, वर बोटभर उरलीही. मला रडूच फुटलं. वाटलं, दिली जागा. जिंकले.

पण कुशीतलं ते जाड पुन्हा टोचायला लागलं, आता तर बरगडीच्या हाडावरच. दिवसभर ते सोसवणार नाही म्हणून मी चोळी काढून उलटी केली. पडवीत लख्ख ऊन पडलं होतं.

आत कापड होतं. दोन्ही कुशींत आणि दोन्ही बाह्यांत घडीवर घडी घालून दुमडलेलं, आणि त्यावर शिवणीच्या चार ओळी, एकीच्या आत एक. बाहेरची शिंप्याची, बारीक, सरळ. तिच्या आतली लाल दोऱ्याची, नेटकी, बाईच्या हातची. तिसरी पांढऱ्या दोऱ्याची, जरा वाकडी. चौथी काळ्या दोऱ्याची होती. तिचे टाके कुठे लांब, कुठे आखूड, एकदोन जागी सुई बोटात गेल्याचे डाग. आणि आत दुमडलेला खण कोराच्या कोरा. बाहेरून चोळी विटलीय, आतून अजून जळजळीत डाळिंबी आहे.

मी ठमाबाईला हाक मारली आणि चोळी तिच्यापुढे धरली. ती जवळ सरकून बोलायला लागली.

"तीन दिसांचा ताप कसला, वैनी? संग्रहणी व्हती. पोटात काय ठरंना. वैद्यानं सांगितलं निस्तं ताक द्या, भाताचं शीत न्हाय. सा म्हयने ताकावर ऱ्हायली. हितं या दारात येऊन उभी ऱ्हायची, भात मागायची. म्हातारी रडायची, पन द्यायची न्हाय. वैद्याचा सबूद ना! लोक म्हनतील सासूनं उपाशी मारली, म्हनून तुमास्नी तापाचं सांगितलं. चोळी सैल व्हायची तशी ती आत घ्यायची. मी म्हनायची, कापून टाका की वो, टोचतंय. तर म्हनायची, बरी झाल्यावर लागंल."

बरी झाल्यावर लागेल! ताई, मी कुणाच्या मापाची होण्यासाठी मरत होते? ती बाई स्वतः त्या मापाची व्हायला तयार नव्हती.

मी केसातला आकडा काढला आणि पडवीत बसून आतल्या तिन्ही शिवणी उसवल्या. आधी काळी, मग पांढरी, मग लाल. शिंप्याची तेवढी राहू दिली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, दोनदा भिंतीला टेकावं लागलं. घड्या मोडल्या, हाताने सपाट केल्या, आणि चोळी अंगात घातली. ती माझ्या खांद्यावरून घसरत होती. ताई, केसर नाजूक नव्हती. तू धक्क्यावर मला बोटीत चढवलंस तेव्हा मी जशी होते, त्याहूनही भरलेली होती!

तशीच मी पानावर जाऊन बसले, तिच्या पाटावर. हे समोर होते. सासूबाई वाढायला आल्या आणि हातातला डाव तसाच राहिला.

"सुई लावलीस?"

"नाही. दोरे काढले."

त्यांनी पदर तोंडात कोंबला. हे उठून जवळ आले, माझ्या बाहीवरच्या त्या कोऱ्या पट्ट्याला बोट लावलं. "अशी होती," म्हणाले. "लग्न करून आली तेव्हा अशी होती. मी विसरूनच गेलो होतो." आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. मग मला म्हणाले, "शकुंतला, तू जेव." माझं नाव घेतलं, ताई.

सासूबाईंनी स्वतःच्या हाताने भात वाढला. मऊ केलेला, वर मेतकूट, तूप. "सहा महिने मागत होती गं," एवढंच म्हणाल्या.

मी पहिला घास उचलला आणि सवयीने पुतळीला दाखवला. मान वर केली. बारा वाजले होते. ती दारात होती. काल पहिल्यांदा मला तोंड दिसलं, हाडं वर आलेलं, डोळे मोठे. हात तोंडाकडे, खाली, तोंडाकडे, खाली. आणि ती माझ्याकडे पाहत होती, घासाकडे नाही. आपण हट्टी पोराला भरवताना कसं करतो? आधी आपल्या तोंडाकडे हात नेऊन दाखवतो, आं कर, असं कर. ती तेच करत होती. महिनाभर तेच करत होती, आणि मी मेली कावळ्यांना घालत बसले.

मी घास तोंडात घातला. तिचा हात थांबला.

फार जेववलं नाही. चार घास गेले, मग ठमाबाईने पेज दिली. संध्याकाळी पुन्हा पेज. आज सकाळी मऊ भात. पोट दुखतं, पण ठरतं. तुझ्यावर मी रागावलेली नाही. चौथ्या दिवशी तू पडलीस आणि तुला भरवायला मावशी होती. मलाही कुणीतरी होतंच, मला ओळखता आलं नाही. तू ये. खोक दाखव. पण पपनस आणलंस तर समुद्रात फेकून देईन.

आज बाराला दार रिकामं होतं. मी बराच वेळ पाहत राहिले. चुकल्याचुकल्यासारखं झालं.

सासूबाईंनी दुपारी सुईदोरा घेऊन माझ्याशेजारी बसकण मारली. म्हणाल्या, चोळी फार सैल होतेय तुला, आण, दोन टाके घालून देते. श्रावणात चोळी सैल करायचं नाव काढलं तर अंगावर आलेली बाई! मी चोळी मांडीवर घट्ट धरली आणि म्हटलं, राहू दे, भरेल माझ्या अंगाने. त्यांनी आतला खण उलटून पाहिला, काठापासून काठापर्यंत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. कुठेही कात्री लागलेली नव्हती.

तुझी,
शकू